बोंद्रेकाकांची लाल पेन्सिल

बोंद्रेकाकांशी माझी ओळख झाली ती बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. नोएडातल्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, दिवा गेला, आणि मी “आई गं!” म्हणत दिसेल ते बटण दाबत सुटले. सोबत अडकलेले गृहस्थ मात्र मोबाइलच्या उजेडात भिंतीवरची सूचना वाचत होते. सूचना होती, ‘डू नॉट बी पॅनिक’. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, त्यातला ‘बी’ खोडला, बाजूला सही ठोकली आणि मला म्हणाले, “हं, आता घाबरू नका.”

मग त्यांनी इंटरकॉम उचलून तक्रार नोंदवायला घेतली. “वुई, द अंडरमेन्शन्ड रेसिडेंट्स…” एवढं ऐकून पलीकडच्या गार्डने “राँग नंबर, जी” म्हणून फोन ठेवून दिला. शेवटी मीच हिंदीत बोंब मारली तेव्हा आमची सुटका झाली.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे मसुदे तपासले. खालून मसुदा यायचा, काका त्यावर लाल रेघा ओढायचे आणि ‘री-ड्राफ्ट’ असा शेरा मारून परत पाठवायचे. मसुद्यात काहीच खोट नसेल तर साहेबाने ‘इश्यू’ असं लिहायचं असतं, म्हणजे आहे तसा जाऊ द्या. पहिल्या खेपेला ‘इश्यू’ मिळवणारा माणूस आपल्या हाताखाली कधी आलाच नाही, हे काका छाती पुढे काढून सांगतात. ऑफिस सुटलं, पण री-ड्राफ्ट काही सुटलं नाही.

सोसायटीत सगळे त्यांना ‘ग्रामर अंकल’ म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. एकदा पाण्याची टाकी साफ करायची होती. आमचे सेक्रेटरी चावलाजी बिचारे भले माणूस. त्यांनी नोटीस लिहिली आणि हौसेने काकांना दाखवायला आणली. “री-ड्राफ्ट!” चावलाजी पुन्हा लिहून घेऊन आले. “बेटर. बट री-ड्राफ्ट!” हे असं चालू असताना टाकी साफ करणारे येऊन कामाला लागलेसुद्धा. सकाळी अर्धी सोसायटी अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभी होती. नोटीस लागली दुसऱ्या दिवशी, पाणी आल्यावर. “लेकिन इंग्लिश देखिए जी, एकदम फर्स्ट क्लास,” असं चावलाजी भेटेल त्याला सांगत होते आणि शिव्या खात होते.

कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तर काका आहेर नंतर देतात, दुरुस्त केलेली पत्रिका आधी. मी नोएडातल्याच एका बातम्यांच्या ऑफिसात काम करते, म्हणजे इंग्रजीची जी काही हत्या होते तिच्यात माझा हात असणारच असं ते धरून चालतात. “वर्षा, तुमच्या लोकांनी काल पुन्हा एक वाक्य मारलं.” ते असं सांगतात की मला पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हावंसं वाटतं.

गंमत म्हणजे मराठीच्या बाबतीत त्यांचा सगळा मामला रामभरोसे. “यार वर्षा, आज सब्जी एकदम बेकार झाली बघ,” असं खुशाल म्हणतात. माझी लेक “मला झोप लागून राहिली” म्हणाली तरी कौतुकाने हसतात. मी एकदा चिडून विचारलं, “काका, मराठीला तेवढी लाल पेन्सिल का नाही?”

“अगं, मराठी घरची आहे. ती काय आपल्यावर रागावणार आहे?”

घरच्यांनी राग धरायचाच नसतो, हा नियम त्यांनी नलूकाकूंनाही लावला होता. काकू कऱ्हाडच्या. मराठीत त्यांचा धबधबा, आणि हिंदीत भाजीवाल्याशी असं भांडतात की तो कोथिंबीर फुकट देऊन पळतो. इंग्रजी मात्र त्या काकांसमोर तोंडातून काढत नसत. तरुणपणी ऑफिसच्या एका पार्टीत त्यांनी साहेबांच्या बायकोला इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं. काकांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर त्यांचं वाक्य सुधारलं. “तेव्हापासून मी नुसती हसते,” काकू मला म्हणाल्या होत्या. “नुसतं हसलं की री-ड्राफ्ट येत नाही.”

पण हसून किती दिवस भागणार? मुलगा मेलबर्नला, सून तिकडचीच, आणि इरा ही एकुलती एक नात फक्त इंग्रजी बोलणारी. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. काकू स्क्रीनवर हात फिरवायच्या, हसायच्या आणि फोन काकांकडे द्यायच्या. एकदा त्या डोळे पुसत आमच्याकडे आल्या. “पोरीशी बोलायला जीव तुटतो गं. आज एक वाक्य बोलले, तर मागून आलंच, ‘री-ड्राफ्ट’. इरा बापाला विचारत होती, आजीला बोलता येत नाही का?”

मला काकांचा इतका राग आला की काय सांगू!

त्यात त्याच सुमारास काकांनी माझ्या रविवारावर धाड घालायला सुरुवात केली. नाश्ता आटोपतो न आटोपतो तोच पेन्सिल घेऊन हजर. आमच्या हॉलमध्ये बसून आमच्याच पेपरात चुका काढायच्या, आणि त्या मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, आणि मी काय ऐकतेय, तर स्वल्पविराम! काही रविवार सोसले. मग एकदा दारातच सांगून टाकलं, “काका, आम्ही बाहेर निघालोय.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. “अच्छा. चलो, ठीक आहे,” म्हणाले.

खोटं बोलले होते, तेव्हा बाहेर पडणं भाग होतं. लेकीला घेऊन खालच्या मार्केटमध्ये उगीच हिंडले, कोथिंबीर घेतली आणि परत आले. लिफ्ट उघडली तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. मांडीवर पेपर होता, पण लक्ष आमच्या शेजारच्या त्यांच्या घराच्या दाराकडे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दारामागून काकूंचा आवाज येत होता. आवाज कसला, धबधबाच!

“इरा, आय मेक लाडू! यू नॉट हिअर, सो आजोबा ईटिंग, ईटिंग, नाऊ पँट नॉट क्लोज!”

पलीकडून पोरीच्या खिदळण्याचा आवाज आला. माझ्या लेकीलाही हसू फुटलं, तिला मी घरात पिटाळलं.

“काका,” मी हळूच म्हटलं, “आत जा ना.”

“मी आत गेलो की ती बंद पडते.” ते पेन्सिल बोटांत फिरवत होते. “म्हणून तुझ्याकडे येऊन बसायचो. तिला सांगतो, वर्षाला इंग्लिशमध्ये हेल्प लागते.”

“आणि तुम्ही कधी बोलता इराशी?”

“बोलतो की, शेवटी. बिल्कुल करेक्ट बोलतो. दोन वाक्यांत ‘ओके, बाय’ म्हणते ती.” ते हसले, पण ते हसणं मला बघवेना. “हिच्याशी बघ, तासभर बोलते.”

मी कोथिंबिरीची पिशवी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

आतून इराने विचारलं, “आजी, व्हेअर इज आजोबा?”

“आजोबा गो आऊट. एव्हरी संडे गो आऊट. ही थिंक आय नॉट नो व्हाय. बट आय नो. ही व्हेरी गुड मॅन, इरा. ही गो फॉर मी.”

काकांच्या बोटांतली पेन्सिल फिरायची थांबली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, चष्मा काढून पुसला आणि बंद दाराकडे बघत अगदी हळू म्हणाले,

“इश्यू.”