वाकड्या बांधाचं इंटिग्रेशन

विश्वजीत सर सकाळपासून सारखे घड्याळ बघत होते. राहू गावच्या विद्यालयात शिक्षणसेवक म्हणून त्यांचं हे शेवटचं वर्ष. अकरा वाजता संस्थेच्या अनुपमा मॅडम तास बघायला येणार होत्या. त्यांनी चांगला शेरा दिला तर नोकरी कायम, नाहीतर कुरकुंभला कुठल्यातरी केमिकल कंपनीत रात्रपाळी. आणि मॅडमचा आग्रह असा, की बारावीचं गणित फळ्यावर नको, परिसरात शिकवा.

परिसरात सरांना एकच वक्ररेषा सापडली. शाळेमागचा बांध. ओढ्याच्या नादी लागून तो असा वळत गेला होता, की जणू इंटिग्रेशनसाठीच घातलेला. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानाच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या, त्यांची क्षेत्रफळं मिळवायची, की झालं! पोरं टेप, खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन रानात उतरली.

सर पुण्याच्या पेठेत वाढलेले. दुसऱ्याच्या बांधावर टेप धरणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिली खुंटी ठोकताच रानाचे मालक सावळाराम आप्पा मोटरसायकलवरून हजर झाले.

"मोजणी कुणी मागवली?"

"मोजणी नाही आप्पा, इंटिग्रेशन आहे."

"नाव काय बी ठेवा. टेप धरली म्हंजी मोजणीच."

पलीकडच्या उसातून आप्पांचा चुलतभाऊ भिमा बाहेर आला. एका रानाचे दोन सारखे वाटे झाले होते, आणि बांध कोणी कोरला यावरून दोघांत बोलणं बंद होतं.

"सर, त्यांना सांगा, मोजणी माझ्या देखत हुईल."

"सर, त्यांना सांगा, बघ म्हणावं डोळं फाडून."

सरांनी घाम पुसला. तेवढ्यात आप्पांचीच नात तेजश्री वहीतून वर बघत म्हणाली, "सर, पट्ट्या बांधाच्या आत ठेवल्या तर आप्पांचं रान सातबाऱ्यापेक्षा चार गुंठं कमी भरतंय."

"म्हंजी चार गुंठं त्यांनी खाल्लं!" आप्पा गरजले. "शाब्बास पोरी!"

"थांबा, हे अंदाजे आहे," सर घाईनं म्हणाले. "आता पट्ट्या बांधाच्या बाहेर काढून पाहू."

पट्ट्या बाहेर गेल्या आणि तेच रान चार गुंठे जास्त भरलं.

"सर, त्यांना सांगा," भिमा ओरडला, "खाल्लेलं बाहेर निघालं!"

दोन्हीकडची भावकी जमू लागली. कुणाच्या हातात खोरं, कुणाच्या हातात कोयता. शाळेच्या फाटकाशी मॅडमची गाडीही वळताना दिसली. सरांचा आवाज चिरका झाला. "पट्ट्या बारीक केल्या की दोन्ही उत्तरं जवळ येतात! पोरांनो, बारीक करा!"

चाराचे दोन झाले. दोनाचा एक झाला. तसतसे दोन्ही चेहरे उतरत गेले.

"सर," आप्पा हळूच म्हणाले, "जाड पट्ट्याच बऱ्या हुत्या."

"व्हय की," भिमा म्हणाला. "आजून किती बारीक करताय?"

"शून्याच्या जवळ जाईपर्यंत."

"मग उरतंय काय?"

"काय बी न्हाई," तेजश्री म्हणाली. "वाटं बरोबर हायेत. बांध कुणीच कोरला न्हाई."

दौंडच्या कोर्टातल्या तारखा, एकमेकांच्या लग्नांत न जेवलेल्या पंगती, सगळं एकदम बिनकामाचं झालं. भिमा बांध ओलांडून आप्पांजवळ आला.

"आप्पा, हा मास्तर गावात ठिवायचा न्हाई."

"कागद हाय का तुझ्याकडं?"

मॅडम चप्पल सावरत रानात पोचल्या, तेव्हा दोघांनी 'सरांची जिल्ह्याबाहेर बदली करा' असा अर्ज त्यांच्या हातात ठेवला. मॅडमनी सह्या वाचल्या. "तुम्हा दोघांचं तर बोलणं नव्हतं ना? मुख्याध्यापक म्हणत होते."

"आजच चालू झालं," आप्पा म्हणाले.

मॅडमनी अर्ज सरांकडे दिला आणि तिथंच शेरा लिहिला: 'गणितातून भावकीत एकोपा. उत्तम.'

"अभिनंदन सर, तुम्ही कायम! आता दौंड-शिरूरमधल्या आपल्या प्रत्येक शाळेत जाऊन तुम्ही हाच प्रयोग करायचा. जिथं जिथं वाकडा बांध आहे, तिथं. सुरुवात वढूला, आमच्या सासऱ्यांच्या रानापासून. त्यांचं माझ्या दिरांशी जरा..."

सरांनी हातातल्या अर्जाकडे पाहिलं. मग भिमाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आप्पांच्या सहीखाली आपली सही केली.