घराची फेरी

मी हेलिकॉप्टर उडवले तेव्हा हेलिकॉप्टर जागेवर राहिले आणि घर फिरले.

तो रविवार होता. हेलिकॉप्टर वीतभर लांबीचे, घरात उडवायचे, नवशिक्यांसाठीचे होते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते का घेतले, हे मी रोजनिशीत लिहिलेले नाही. पुस्तिका मात्र तीनदा वाचली होती. पंखा बंद करावा. हेलिकॉप्टर जमिनीवर, शेपटी आपल्याकडे करून ठेवावे. उन्हात रिमोटचे संदेश पोचत नाहीत म्हणून पडदे लावावेत. डावी दांडी अगदी हळू वर न्यावी. हेलिकॉप्टर स्वतःभोवती फिरू लागल्यास ट्रिमचे बटण उलट दिशेला थोडे थोडे फिरवावे. चाळीस मिनिटे चार्ज केल्यावर सहा मिनिटे उडते. दिवसातून दोनच उड्डाणे करावीत.

पुस्तिकेत नसलेली एकच गोष्ट आम्ही केली. माझे वडील, अण्णा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पूजा केल्याशिवाय नवी गाडी बाहेर काढायची नाही, असे त्यांनी पलंगावरूनच बजावले. माझी पत्नी शैला हिने हेलिकॉप्टरच्या नाकाला कुंकू लावले. लिंबू-मिरची बांधायची होती, पण लिंबू हेलिकॉप्टरपेक्षा जड होते. तेव्हा अण्णांनी एकट्या मिरचीला मंजुरी दिली. ती शेपटीला दोऱ्याने बांधली.

हेलिकॉप्टर गुडघ्याइतके वर गेले आणि तिथेच थांबले. पहिल्याच प्रयत्नात इतके स्थिर राहिल्याचे मला कौतुक वाटले. कपातला चहा जरासा कलला, पण सांडला नाही. सहा मिनिटांनी मी पडदा उघडला, तर खिडकीत पाण्याची टाकी होती.

आमचे घर इमारतीच्या गच्चीवर आहे, तिसऱ्या मजल्यावर एकटेच, चारी बाजूंनी मोकळे. खिडकी पूर्वेला, एसटी स्टँडसमोर. टाकी दक्षिणेला. म्हणजे घर उजवीकडे पाव फेरा फिरले होते.

"बाबू," अण्णा म्हणाले, "माझा स्टँड कुठं गेला?"

"स्टँड तिथंच आहे, अण्णा. आपण हललोय."

"मग परत लाव. नऊची विटा गाडी लागंल आता."

अण्णांना निवृत्त होऊन एकोणीस वर्षे झाली. तेव्हापासून ते त्या खिडकीतून प्रत्येक गाडीची येण्याची आणि सुटण्याची वेळ वहीत लिहितात. कोणी सांगितलेले नाही. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे ऑपरेशन झाले, तरी दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी आधी वही मागितली होती. आता ते उभे राहू शकत नाहीत आणि गच्चीचा कठडा उंच आहे, त्यामुळे खुर्ची बाहेर नेऊन उपयोग नव्हता. स्टँडच्या बाजूला आता न्हाणीघराची खिडकी आली होती. तिथे बसून नोंदी घेण्यास अण्णांनी ठाम नकार दिला.

"कमोडवर बसून शिट्टी मारू होय?" ते म्हणाले.

सोमवारी दूधवाल्याने घराला एक वळसा घातला, दार सापडले नाही म्हणून पिशवी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आणि तो गेला. त्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी मुजावरसर वर आले. ते शाळेत भूगोल शिकवायचे.

"तारळेकर, पाणी येतंय का?"

"येतंय."

"लाइट?"

"आहे."

"मग तक्रार कसली लिहू मी?" त्यांनी बगलेतले रजिस्टर उघडले. "पण चतुःसीमा चुकली. कागदावर खिडकीसमोर एसटी स्टँड आहे. इथं टाकी दिसतीय."

"मी परत फिरवतो, सर."

"फिरवा. पंधरा दिवस हायत. पुढच्या रविवारचा पुढचा रविवार, संध्याकाळी पाच. तोवर घर जाग्यावर आलं नाही, तर हीच चतुःसीमा कायम. मग तुम्हाला हेलिकॉप्टर लावता येणार नाही. तसा ठराव करावा लागंल."

"असा नियम आहे?"

"आता केला की."

अण्णांनी हे सगळे ऐकले. वहीत त्यांनी तारीख घातली होती आणि खाली पान कोरे होते.

मी ट्रिमचे बटण डावीकडे फिरवले. पहिल्या उड्डाणाला घर आणखी थोडे उजवीकडे गेले. दुसऱ्याला जागेवर राहिले. मला काही कळेना. बटण तेवढेच, दांडी तेवढीच, पंखा बंद. मंगळवारी घर एक हात डावीकडे आले, बुधवारी चार हात. मी बाजार समितीत काट्यावर असतो, त्यामुळे न कळलेली वस्तू मी प्रथम तोलतो. बुधवारी दुपारी हेलिकॉप्टर डब्यातून ओळखीच्या सराफाकडे नेले. त्याने ते सोन्याच्या काट्यावर ठेवले आणि कुंकवाविषयी काही विचारले नाही. गुरुवारी पुन्हा नेले. वजन कमी झाले होते. मिरची वाळत होती. जशी ती वाळत होती, तसे घर परत येत होते.

शुक्रवारी संध्याकाळी पडदा उघडला तेव्हा खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात स्टँडचे बाहेर पडायचे फाटक दिसले. फलाट अजून दिसत नव्हते. अण्णांनी मान वाकडी करून पाहिले.

"सुटलेल्या दिसत्यात, लागलेल्या दिसत नाहीत," ते म्हणाले. "अर्धी नोंद मी करत नसतो." पण त्या दिवशी ते दोन पोळ्या जेवले.

मी शनिवारी सकाळी उडवले. पडदा उघडला, तर समोर शाळेचे मैदान होते. शाळा पश्चिमेला आहे. टाकीसुद्धा मागे पडली होती.

"शैला," मी म्हणालो, "हेलिकॉप्टरला कोणी हात लावला?"

"मी मिरची बदलली," ती म्हणाली. "शनिवार नाही का?"

"अगं, ती वाळली होती म्हणूनच..."

"वाळली म्हणूनच बदलतात. साऱ्या पेठेत विचारा कुणालाही."

अण्णा पलंगावरून म्हणाले, "तिचं बरोबर आहे. शनिवार चुकवायचा नाही."

मी वाद घातला नाही. दुसरा आठवडा होता. पण हवा ढगाळ होती आणि मिरची वाळेना. मी रोज दोन वेळा उडवत होतो, बटण शेवटपर्यंत डावीकडे होते, आणि घर मैदानाकडे तोंड करून बसले होते. मैदानावर मुली खो-खो खेळत. अण्णांनी त्यांची नोंद घेतली नाही. बुधवारी ते अर्धी पोळी जेवले. गुरुवारी त्यांनी वही उशाखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केले. एकोणीस वर्षांत मी त्यांना भिंतीकडे तोंड केलेले पाहिले नव्हते. शैला ताट तसेच परत घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू राहिला.

शनिवारी शैला ताजी मिरची घेऊन आली आणि दारातच थांबली. "बांधू का नको?" तिने विचारले. सात दिवसांत घर एक वीतही मागे आले नव्हते. आता ताजी मिरची म्हणजे ते आणखी पुढे जाणार, उत्तरेच्या मंगल कार्यालयाकडे.

अण्णांनी भिंतीकडचे तोंड वळवले.

"बाबू, तू गाडी मागं घेतोयस होय रे इतके दिवस?"

"हो. आलो तसं परत जायला नको का?"

"अरे, मागं येत नाही ती गाडी मागं घ्यायची नसती. पुढं काढायची, वळसा घालायचा आणि फलाटाला लावायची. चाळीस वर्षं मी काय गोट्या खेळलो स्टँडवर?" त्यांनी वही उशाखालून काढली. "बांध गं मिरची. चांगली मोठी बांध."

मी ट्रिमचे बटण मध्यावर आणले. शनिवारी सकाळच्या उड्डाणाने मंगल कार्यालय आले. दुसरे उड्डाण मी केले नाही, कारण अण्णा म्हणाले, फलाटाला लावताना माणूस आणि गाडी, दोन्ही ताजी लागतात.

रविवारी साडेचारला मुजावरसर रजिस्टर घेऊन गच्चीवर आले. पडदे लावलेले असल्यामुळे मला आतून बाहेरचे काही दिसणार नव्हते. शैला बाहेर उभी राहिली. तिने काय करायचे ते अण्णांनी तिला शिकवले होते.

मी दांडी हळू वर नेली. हेलिकॉप्टर गुडघ्याइतके वर गेले आणि थांबले. चहा कलला.

बाहेरून शैलाने भिंतीवर थाप मारली. "येऊ द्या, येऊ द्या!" मग आणखी एक थाप. "येऊ द्या... डावं राखून..."

"घरात डावं-उजवं काय राखू?" मी ओरडलो.

"तू तिच्याकडे लक्ष दे, बोलू नको," अण्णा म्हणाले. नोकरीतली जुनी शिट्टी त्यांच्या ओठांत होती.

"येऊ द्या... अहो, हळू! मुजावरसर कठड्याला चिकटलेत!"

पाचव्या मिनिटाला हेलिकॉप्टरचा लाल दिवा लुकलुकू लागला. माझ्या अंगठ्याला घाम आला होता. बॅटरी आता संपली असती, तर घर अर्ध्यावर राहिले असते आणि पाच वाजले असते.

"येऊ द्या, येऊ द्या... अजून हातभर... बास! बास!"

भिंतीवर दोन जोरदार थापा पडल्या. अण्णांनी शिट्टी मारली. मी दांडी खाली आणली आणि हेलिकॉप्टर जमिनीवर बसले. मिरची शाबूत होती.

शैलाने आत येऊन पडदा ओढला. समोर सगळे फलाट होते, एक ते सात. चारवर तासगाव गाडी लागत होती आणि तिचा वाहक मागच्या पत्र्यावर थापा मारत होता. अण्णांनी चष्मा पुसला आणि पेनाचे टोपण काढले.

मुजावरसरांनी खिडकीतून पाहिले, रजिस्टरात चतुःसीमा जुळल्याची खूण केली आणि चहा घेतला. घर एक बोट जास्त पुढे आल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. कागदावर बोटाचा रकाना नाही, असे ते म्हणाले.

अण्णांनी तासगाव गाडी लिहिली. तिच्या वर त्यांनी आधी एक ओळ लिहिली होती. ती मी खांद्यावरून वाचली. घर. आगमन चार वाजून एकोणपन्नास मिनिटे. उशीर चौदा दिवस. कारण मिरची.

शेवटचा रकाना रिकामा होता. त्यांनी तिथे पेन टेकवले आणि माझ्याकडे पाहिले.

"सुटणार कधी?"

"अण्णा, आताच तर लागली."

"लागली म्हणजे सुटायची वेळ लागतेच, बाबू. ही काय भंगाराची गाडी आहे का?"

मी हेलिकॉप्टरला वायर जोडली. दिवा लाल झाला.

"पूर्ण वळसा घालून परत इथंच लावायची," मी म्हणालो.

"त्यालाच फेरी म्हणतात."

मी मुजावरसरांकडे पाहिले. त्यांनी रजिस्टर मिटले होते. "दिवसातून दोनच उड्डाणे, असं आहे पुस्तिकेत," मी म्हणालो, "आणि पूर्ण वळशाला चार लागतात. आज अजून एक होईल. रात्रभर टाकीपाशी मुक्काम, उद्या दोन. परवा सकाळी परत."

"मुक्कामी गाडी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतले. शैलाने पोळ्यांचे पीठ थोडे जास्त भिजवले.