मुलगा पसंत आहे

माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! इथं आखातात, सलव्यातल्या एका खासगी कॉलेजात मी क्रीडाधिकारी आहे. गेल्या वर्षी आमची फुटबॉल टीम सात गोलांनी हरली, तेव्हा डीन साहेबांनी मला बोलावून घेतलं. यंदा कप आला नाही तर फुटबॉल बंद आणि शर्वरी मॅडमची, म्हणजे माझी, बदली लायब्ररीत, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

मी म्हटलं, चूक आपलीच आहे. परदेशातून पोरं आणायची, ती पहिल्याच उन्हाळ्यात घरी पळणार. खरे खेळाडू इथल्याच शाळांमध्ये आहेत. अबू हलीफ्याच्या शाळेतला नऊ नंबरचा धुरी मी दोन वर्षं हेरून ठेवला होता. लगेच त्याच्या आईला, सीताबाईंना, फोन लावला. "काकू, सलव्याच्या कॉलेजातून शर्वरी बोलतेय. तुमचा मुलगा आम्हाला पसंत आहे. घरी येऊन बोलायचं म्हणते."

पलीकडे त्यांनी आधी नवऱ्याला हाक मारली. मग, "येवा, येवा!"

गेले तर घरात सणच. खाजं, करंज्या, नवे पडदे. अम्गऱ्यात गॅरेज चालवणारे तुकाराम धुरी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. शेजारी त्यांचा थोरला मुलगा बाळा, भर उन्हाळ्यात सुटाबुटात. धाकट्यासाठी भाऊसुद्धा किती मनापासून तयार झालाय, असं वाटून मला भरून आलं.

"आमचो झील तुमका आवडलो मा?" सीताबाईंनी विचारलं.

"प्रश्नच नाही. दोन वर्षं नजर ठेवून आहे."

बाळा लाजला.

"तुमच्याकडे माणसा कितकी?"

"दहा आहेत. हा अकरावा."

तुकारामांना चहाचा ठसका लागला. मी आपली पुढे सांगतच होते. मुलगा आमच्याच हॉस्टेलवर राहील, पहाटे उठवून पळवू, वजन वाढू देणार नाही. बाळानं उचललेली करंजी परत ठेवली.

"आणि गेल्या वर्षी आणलेले चौघं पळून गेले," मी म्हटलं, "म्हणून यंदा घरचाच बघतोय."

"चौघे?" तुकाराम उठून उभेच राहिले.

तेवढ्यात दार उघडून चिखलानं माखलेला नऊ नंबर आत आला. "हाच तो!" मी ओरडले. सीताबाई किंचाळल्या, की गौरांग अजून बारावीत आहे! मी म्हटलं, मला बारावीतलाच हवा. तुकारामांनी मला दार दाखवायला हात उचलला होता, पण गौरांग मध्ये पडला. "पप्पा, शी इज फ्रॉम द कॉलेज. फॉर फुटबॉल."

बाळानं हळूच टाय सैल केला. सीताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळीच त्यांनी गावी फोन करून बाळाचं जमल्याचं कळवलं होतं. मला इतकं वाईट वाटलं, की मीही हातातली करंजी खाली ठेवली. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि अट घातली. "धाकट्याक न्हेवचा आसात, तर आधी थोरल्याचा जमवा."

आता आली का पंचाईत! पण लायब्ररी डोळ्यांसमोर दिसत होती. त्याच शाळेचा गोलकीपरही मला हवा होता. त्याचे वडील म्हणायचे, थोरल्या लेकीचं, समिधाचं, लग्न ठरल्याशिवाय मी दुसरं काही ठरवणार नाही. मी बाळाला घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. दोघंही बघण्याच्या कार्यक्रमांना कंटाळलेले. समिधा म्हणाली, मला पहाटे उठून धावता येत नाही. बाळा म्हणाला, मलाही नाही. जमलं!

एका सोयरिकीत दोन खेळाडू मिळाले. फायनलला गौरांगनं गोल मारला, बाळाच्या मेव्हण्यानं पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो! सीताबाईंनी भर मैदानात डीन साहेबांना करंजी भरवली. मला तर आनंदानं रडू फुटलं. साहेब सगळ्यांना सांगत होते, की बघा, खरी गुणवत्ता आपल्या आसपासच असते. हे माझंच वाक्य होतं, पण असो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कप पुसत बसले होते, तेवढ्यात फोन आला. कुणी बाई होत्या. "मॅडम, आमचा मुलगा बघायला कधी येता?"

कीर्ती पसरली म्हणायची! ऐटीत विचारलं, "कुठल्या जागेवर खेळतो?"

"छे, खेळत नाही. बँकेत आहे. पस्तिसावं लागलंय."

मी कप खाली ठेवला, वही जवळ ओढली.

"धाकटा भाऊ आहे का?"