सतरा नंबरची बाटली

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्याला चार महिने झाले. जाताना त्यांनी फ्रीजरमध्ये काढ्याच्या सहा बाटल्या करून ठेवल्या होत्या, त्यातली आता एकच उरली. ती घरी राहिली तर आपण एका बैठकीत संपवू, एवढी प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या पिपेटकाकांना स्वतःची ओळख होती. म्हणून त्यांनी ती प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, औषधी पानांच्या अर्कांमागे लपवली. रोज दुपारी एक झाकण प्यायचं आणि लेकीकडे फोन लावून "माझं मस्त चाललंय" म्हणायचं.

गेल्याच आठवड्यात काकूंनी विचारलं होतं, "लेक म्हणतेय अजून तीन महिने राहा. राहू का?"

"राहा की. माझं काय अडलंय?" असं म्हणून काका नंतर तासभर फोनकडे बघत बसले होते.

त्या दिवशी दुपारचं झाकण कडूजहर लागलं. काढा करताना ही रागावलेली असणार, असं वाटून त्यांनी मुकाट्याने आणखी एक घेतलं. तेवढ्यात अर्क तपासणाऱ्या संशोधक मॅडमनी हाक मारली.

"काका, सतरा नंबर बघा. जांभळं द्रावण क्षणात पिवळं झालं. इतकं अँटिऑक्सिडंट मी आजवर एकाही पानात पाहिलं नाही."

काकांनी मॅडमसमोरची रिकामी बाटली हुंगली. गवती चहा, आलं, दालचिनी. सतराची चिठ्ठी त्यांनीच ओल्या हाताने चिकटवली होती, ती गळून पडली आणि फ्रिजमध्ये बिनचिठ्ठीच्या दोन बाटल्या झाल्या. मॅडमनी त्यातली हाताला लागली ती उचलली, आणि काका खरा सतरा नंबर पिऊन बसले.

"सगळा वापरलात?" काकांनी विचारलं. "मॅडम, तो आमच्या हिचा काढा होता. शेवटचा."

मॅडमना दुःख कळलं, पण विज्ञान सोडवेना. काकांनी काकूंना फोनवर कृती विचारून घरी तीन वेळा काढा केला. तिन्ही वेळा द्रावण जांभळं ते जांभळंच.

"काकूंचं काहीतरी राहतंय," मॅडम म्हणाल्या. "त्यांनाच बोलवून घ्या."

काकांनी फोन लावला. "मॅडम म्हणतायत, तुझ्याशिवाय होत नाही."

"मॅडम म्हणतायत?"

"हो. म्हणजे, मॅडमच."

"बरं. शनिवारी येते."

शनिवारी काकू घरी आल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी ओट्यावरचा पसारा पाहिला आणि मग काकांचं उतरलेलं तोंड.

"आता सांग, काय राहत होतं?" काकांनी विचारलं.

"चहा. कडक, बिनदुधाचा, बाटलीत अर्ध्याच्या वर."

डॉक्टरांनी सांगितल्यावर एका दिवसात चहा सोडल्याचं अकरा वर्षं काका अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकवत आले होते.

"चहा सोडलात तेव्हा तीन दिवस माझ्यावर खेकसत होतात. चौथ्या दिवशी मी काढा सुरू केला."

"मग हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर लेकीला काय कारण देऊन निघाले असते? तुम्ही तर म्हणत होता, राहा की."

काका ओट्याकडे वळले, आणि अकरा वर्षांनी स्वतःच्या हाताने चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं.