नानांची फेरतपासणी

आमचे भास्करनाना कुणाचाही फोटो आधी उलटा करून बघतात. खरंच उलटा. माणसांचे पाय आभाळात, डोकी जमिनीकडे, आणि नाना चष्मा कपाळावर चढवून निरखत उभे. हल्लीचे फोन फार शहाणे झालेत, आपण फोन फिरवला की आतला फोटोही फिरून सरळ होतो. त्यावर नानांनी उपाय काढलाय. फोन टेबलावर ठेवायचा आणि आपणच उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. सुनेने मला नवीन फोन दिला होता आणि मी जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या बाजारात जाऊन भरताच्या वांग्यांचा फोटो काढून आणला होता. चांगली हिरवीगार, तुकतुकीत वांगी. नाना आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, म्हणून कौतुकाने दाखवायला गेले, तर हे टेबलाला वळसा घालून पलीकडे!

"नाना, इकडून दिसतात वांगी," मी म्हटलं.

"तिकडून वांगीच दिसतात, अक्का. इकडून वांगी दिसत नाहीत, नुसता उजेड आणि अंधार दिसतो. मग कळतं, कुठली बाजू जड झाली ते." आणि जरा थांबून, "उजेड पास. वांगी पास. विकणारीचा हात अर्धा कापलाय. माल चांगला, पॅकिंग ढिलं. फेरतपासणी."

ही नानांची भाषा. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. जन्मभर दुसऱ्याने केलेला माल हातात घेऊन बघितला आणि शिक्के मारले. कॅमेऱ्याला तिथे गेटच्या आत यायचीही बंदी. अशा जागी नोकरी काढलेल्या माणसाला म्हातारपणी रस्त्यावरच्या फोटोंचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? बरं, स्वतः एक फोटो काढतील तर शपथ. "मी तपासणीवाला. माल तुम्ही आणा," म्हणतात. पण 'नापास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फार तर 'फेरतपासणी', म्हणजे जा आणि परत काढून आण.

एकदा मी चौकातल्या वाहतूक पोलिसाचा फोटो आणला. शिट्टी तोंडात, हात वर, एकदम रुबाबदार. नाना पलीकडे गेले, अलीकडे आले. म्हणाले, "हात पास. शिट्टी पास. पण साहेबांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय."

बघते तर खरंच! काढताना मला खांब दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी परत चौकात गेले. पोलीस म्हणाला, "आजी, काल पण तुम्हीच होता ना? काय पाहिजे?" मी म्हटलं, "काही नाही रे बाबा, तुझ्या डोक्यातला खांब काढायला आलेय." बिचारा टोपी चाचपून बाजूला सरकला. मी फोटो काढला, लगेच त्याला दाखवला, तो खूश. ज्याचा फोटो त्याला आधी दाखवायचा, हाही नानांचाच नियम. नाना मात्र म्हणाले, "साहेब सरकले. सरकायचं तुम्ही होतं, अक्का. फेरतपासणी."

दर रविवारी सकाळी नानांच्या ओट्यावर आमची बैठक असते. मी, नाना आणि रावेरकडचे दिलीपभाऊ, केळीचे व्यापारी. दिलीपभाऊ फक्त ट्रकचे फोटो काढतात आणि तेही तिरपे. "भाऊ, घड पास. पण ट्रक पलटी होतोय, आधी ड्रायव्हरला उतरवा," असं नाना दर रविवारी त्यांना सांगतात. ओट्याचा कायदा एकच. कुणाचाही फोटो असो, आधी त्यातली एक चांगली गोष्ट शोधून सांगायची. मग काय चुकलं ते. आणि मग ते सुधारायचं कसं, तेही. नुसतं 'छान' म्हणून सुटायचं नाही. जो नुसतं 'छान' म्हणेल त्याने आत जाऊन सगळ्यांचा चहा करायचा. सुरुवातीला दिलीपभाऊंनी एवढा चहा केला, की सुमनवहिनी, म्हणजे नानांच्या मंडळी, त्यांना विचारूनच साखर आणायच्या.

मागच्या थंडीत एकदा दिलीपभाऊंचं डोकं कशाने तरी फिरलेलं होतं. मी रसवंतीवाल्याचा फोटो दाखवला, तर हे फाडकन म्हणाले, "हॅट! काय फोटू आहे हा? एकदम बेक्कार. तुम्ही सोडून द्या हो अक्का, तुमच्यानं नाही होणार."

मला काही एवढं लागलं नव्हतं. पण नाना ताडकन उठले. एरवी आमच्यासारखं बोलणारे नाना चिडले की गावाकडच्या अहिराणीत शिरतात. "चूप बठ, भाऊ!" म्हणाले. चष्मा ओट्यावर टाकून आत निघून गेले.

दिलीपभाऊ बिचारे ओशाळले. मग वहिनींनीच बाहेर येऊन सांगितलं. मला उडत उडत ठाऊक होतं, पण सगळं तेव्हा कळलं.

नानांचा धाकटा भाऊ, वसंता, धुळ्याला असतो. गल्ली नंबर पाचला त्याने फोटो स्टुडिओ टाकला होता. उद्घाटनाला सगळं गाव, सोयरे, व्याही जमलेले. भिंतीवर वसंताने काढलेले फोटो मांडलेले. आणि नाना, कारखान्यातून थेट आलेले, हात मागे बांधून एकेका फोटोसमोर उभे राहिले. "हा वाकडा. याचं डोकं कापलंय. हा हललाय. हा तर मुळात काढायलाच नको होता." मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. भिंत संपेपर्यंत. वसंता हातात पेढ्यांचा डबा घेऊन उभा होता. त्याने तो डबा खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून भावाशी बोललेला नाही.

"दर दिवाळीला म्हणतात, यंदा जातोच धुळ्याला," वहिनी म्हणाल्या. "पिशवी भरतात, बसस्टँडपर्यंत जातात आणि परत येतात. त्याने दारातूनच परत पाठवलं तर, ही एकच धास्ती."

म्हणजे हा 'आधी एक चांगली गोष्ट'चा कायदा कुठून आला, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. दिलीपभाऊ न सांगता आत जाऊन चहा करून आले.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीची वास्तुशांत होती, धुळ्याला. नानांच्या कानावर गेलंच. संध्याकाळी कुंपणाशी येऊन तुळशीकडे बघत म्हणाले, "पाच नंबरच्या गल्लीत सकाळचा उजेड बरा येतो, असं ऐकून आहे. वेळ झाला तर काढा एखादा फोटो."

"कशाचा काढू?"

"रस्त्याचा. दुसरं कशाचा काढणार?" आणि घाईने आत गेले.

वास्तुशांत उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीत गेले. स्टुडिओ आता लहानसा झालाय. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. पायरीवर स्टूल टाकून एक गृहस्थ कात्रीने फोटो कापत बसलेले. तेच नाक, तसाच कपाळावर चढवलेला चष्मा. मी समोरच्या बाजूने फोटो काढला आणि नियमाप्रमाणे दाखवायला पुढे गेले.

त्यांनी बघितला. "उजेड चांगला धरलाय, ताई. पण दुकानच मोठं आलंय, मी कोपऱ्यात राहिलो. आणखी जवळ यायचं. लाजायचं नाही." मग हसले. "कोणी शिकवलं?"

"जळगावला पिंप्राळ्यात आमच्या शेजारी भास्करनाना आहेत, त्यांनी."

कात्री थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग म्हणाले, "तो बठ्ठं खरं बोलना व्हता, ताई. सगळं खरं. ते फोटो वाकडेच होते. मी नंतर एकेक उतरवून बघितला ना. पण त्या दिवशी नको होतं."

मी म्हटलं, "आता ते आधी चांगलं सांगतात. आणि नुसतं 'छान' म्हणणाऱ्याला चहा करायला लावतात."

"कोण? भास्कर?" त्यांना खरं वाटेना. मी खांबाची गोष्ट सांगितली, उलट्या फोटोची सांगितली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी निघाले तेव्हा परत कात्री उचलत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेन्शनीच्या कागदांना फोटो लागतो ना त्याला? जुना झाला असेल. काढायचा असला तर ये म्हणावं."

घरी येऊन मी नानांना शब्दन् शब्द सांगितला. "'ये' म्हणाला? की 'यायचं तर येऊ दे' म्हणाला?" असं त्यांनी मला चार वेळा फिरवून फिरवून विचारलं. तपासणीवाला माणूस! त्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून ते बसस्टँडवर गेले. मी आणि वहिनी दुपारपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून होतो. परत आले नाहीत, म्हणजे बसले गाडीत!

रविवारी ओट्यावर नानांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात पासपोर्ट साइजचे फोटो. शर्ट कडक, भांग सरळ, मागे निळा पडदा. आणि सगळ्या फोटोंत नानांचे डोळे चक्क मिटलेले.

दिलीपभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"नाना," मी म्हटलं, "हे पेन्शनला कोण घेईल? वसंतभाऊंनी छापायच्या आधी बघितलं नाही का?"

"बघितलं. मोठ्या पडद्यावर. मी शेजारीच उभा होतो. म्हणाला, छापू? मी म्हटलं, छाप."

नाना फोटो एकेक करून पाकिटात घालायला लागले.

"काढायच्या आधी त्याने हनुवटीला हात लावला, अक्का. हे फोटोवाले करतात ना, तोंड जरा उजेडाकडे वळवतात, तसं. बोलला काही नाही. पण मग माझ्याने डोळे उघडे ठेववेनात."

वहिनींनी पदराने नाक पुसलं. "आता मग?"

"आता काय? हे फोटो काही चालायचे नाहीत. गुरुवारी परत जायचंय." पाकीट खिशात जपून ठेवत नाना म्हणाले, "म्हणालाय, येताना वहिनीलाही आण. तिचाही फोटो जुना झाला असेल."