वडिलांचे शिक्षण

अर्ज भरायचा म्हणून प्लास्टरवाल्यांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, पट्टी घेतली, दोन पेनं घेतली, आणि ती दोन्ही ऐनवेळी दगा देतील म्हणून तिसरंही घेतलं. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या हाडांच्या विभागात ते मोडक्या हातापायांना प्लास्टर घालत आले होते. कुठलंही काम करताना आधी खाली काहीतरी अंथरायचं, ही सवय तिथली.

अर्ज मुलीचा होता, मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा. ती त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त घ्यायची. प्रवेश परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा चार-पाच गुणांनी हुकली. यंदा कॉलेजनं नवी योजना काढली होती. ज्या घरातलं आजवर कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्या घरातल्या मुलांना गुणांची अट थोडी खाली आणि वयाची थोडी वर. मुलगी त्या वरच्या वयाच्याही अगदी काठावर होती. यंदा नाही तर कधीच नाही.

आई तिच्या लहानपणीच गेली होती, त्यामुळे पालकांचं पान वडिलांनी स्वतःच्या हातानं भरायचं होतं. योजना कुणासाठी आहे हे मात्र मुलीनं त्यांना नीट सांगितलं नव्हतं. सांगायचं तर "बाबा, तुम्ही शिकलेले नाहीत म्हणून माझा नंबर लागेल" असं म्हणावं लागलं असतं. ते वाक्य तिनं तीन दिवस तोंडात घोळवलं आणि शेवटी "नवी योजना आहे" एवढ्यावर भागवलं.

"तुझे शाळेचे जुने कागद कुठे गं?" त्यांनी विचारलं.

"लोखंडी कपाटात, खालच्या खणात," ती पिना दातांत धरून म्हणाली. जन्मतारीख बघायची असेल असं तिला वाटलं. तिला ड्यूटीवर जायला उशीर होत होता.

संध्याकाळी ती परतली तेव्हा पाकीट पोस्टात पडलेलंही होतं. पोच जपून ठेवली आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग भाजी कोण चिरणार यावरून दोघांचं नेहमीसारखं वाजलं आणि नेहमीसारखी ती त्यांनीच चिरली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एका आजीबाईंच्या मनगटाला प्लास्टर घालून झाल्यावर ते स्टुलावर टेकले, ते उठलेच नाहीत. प्लास्टर उत्तम बसलं होतं, असं भेटायला आलेल्या प्रत्येकानं आवर्जून सांगितलं.

तीन आठवड्यांनी कॉलेजचं पत्र आलं. वडील पदवीधर असल्यामुळे अर्जदार योजनेस अपात्र.

मुलीनं पत्र उलटंही करून पाहिलं. मग रजा टाकून ती प्रवेश कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकूनबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वडिलांनीच तसं लिहिलंय, त्या म्हणाल्या, आणि पुरावाही जोडलाय. पुरावा कसला, ते आता आठवत नाही, फाइल समितीकडे गेली. पदवीधर नसतील तर तसा दाखला आणा.

"नसलेल्या पदवीचा दाखला कोण देणार?" मुलीनं विचारलं.

"विद्यापीठ तर नाहीच देणार," कारकूनबाई म्हणाल्या. "ज्यांना शिकवलं त्यांचे दाखले देता देता त्याची कंबर मोडते. वडिलांच्या शाळेचा आणा."

शाळेच्या जागी आता फर्निचरचं गोदाम होतं. गोदामाच्या मालकानं एक मोडका बाक दाखवला आणि हा त्या शाळेचाच असेल म्हणून लेखी द्यायची तयारी दाखवली. बाकाचा उपयोग नाही, हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

मग कारकूनबाईंनी शेवटचा मार्ग काढला. वडिलांना जवळून ओळखणाऱ्या माणसांची सहीनिशी पत्रं आणा. त्यांचं शिक्षण झालेलं नव्हतं, एवढंच त्यात हवं.

मुलीला वाटलं, सुटले. माणूस जाऊन महिनाही झालेला नाही आणि त्याच्याविषयी उणं लिहून द्यायला आपण माणसं शोधतोय, हे तिच्या लक्षात आलं नाही.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी ताबडतोब लिहून दिलं. पाकीट बंद होतं, ते कारकूनबाईंनी फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. हाडांच्या बाबतीत दिवंगतांचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त होतं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"डॉक्टरांचं किती झालंय?" कारकूनबाईंनी विचारलं.

"एम. एस."

कारकूनबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

दुसरं पत्र शिकाऊ डॉक्टरांनी मिळून लिहिलं, अकरा सह्यांचं. मुलीनं त्यांना चारचारदा बजावलं होतं की स्तुती नको. त्यांनी स्तुती केलीच नाही. दिवंगतांनी आमच्या आधीच्या तीस तुकड्यांना शिकवलं, एवढीच माहिती त्यांनी दिली.

"हे बघा," कारकूनबाई चष्मा काढत म्हणाल्या, "आलात तेव्हा ते साधे पदवीधर होते. डॉक्टरांच्या पत्रानं त्याच्यावर गेले, आता प्राध्यापक झाले. अजून एक पत्र आणलंत तर कुलगुरू होतील."

राहता राहिली आत्या. तिला सख्ख्या भावाचं सगळं माहीत होतं. पण तिनं कागदाला हातच लावला नाही.

"जिवंत होता तेव्हा त्याला कुणी अडाणी म्हटलं नाही," आत्या म्हणाली, "आणि आता मी सही करून म्हणू? तुला डॉक्टर व्हायचंय तर हो ना. त्याला कशाला खाली ओढतेस?"

पत्रं काही जमली नाहीत, तेव्हा समितीनं मुलीलाच समोर बोलावलं. सुनावणीच्या दिवशी मात्र आत्या न सांगता बरोबर आली आणि दाराबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

आत समितीचे तिघं होते, आणि टिपण घ्यायला कारकूनबाई. अध्यक्षबाईंनी फाइल उघडली, टाचणी काढली आणि एक झेरॉक्स मुलीपुढे सरकवली.

"वडिलांनी जोडलेला पुरावा. ओळखता?"

तो तिच्या शाळेचा प्रवेश अर्ज होता, अकराव्या वर्षीचा, त्याची घरी राहिलेली प्रत. नवी शाळा, वर्गात वकिलांच्या नि इंजिनियरांच्या मुली. वडिलांचे शिक्षण या रकान्यात गोल, नीटस, बालिश अक्षरात लिहिलं होतं, पदवीधर. अक्षर तिचं होतं. खाली वडिलांची सही.

तिला ती सकाळ आठवली. ते घाईत आहेत, वाचणार नाहीत, या हिशेबानं तिनं अर्ज त्यांच्यापुढे धरला होता. पण ते प्रत्येक कागद बोट फिरवत वाचायचे. तोही वाचला असणार. काही न विचारता त्यांनी सही केली होती, आणि सोळा वर्षांनी, मुलीचं आधीचं नि आताचं लिहिणं जुळावं म्हणून, कपाटाच्या खालच्या खणातून कागद काढून पट्टी लावून तेच उतरवलं होतं.

"हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "मीच लिहिलं होतं. खोटं आहे ते."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तुम्ही स्वतः तसं नोंदवून सही करत असाल तर आम्हाला दुसरा पुरावा नको, त्या म्हणाल्या. मग खरं काय?

"सातवी," ती पुटपुटली.

"जरा मोठ्यानं," कारकूनबाई म्हणाल्या. "लिहायचंय."

"माझे बाबा सातवी शिकले होते."

"पास," दाराबाहेरून आवाज आला. "वर्गात पहिला."

कारकूनबाईंनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली, आणि 'पास' हा शब्द नोंदीत गेला. वर्गातला नंबरही गेला.

"व्यवसाय?"

"प्लास्टर घालायचे," ती म्हणाली, आणि या वेळी कुणी सांगायच्या आधीच मोठ्यानं. "मला त्यांची लाज वाटायची. ते त्यांना माहीत होतं. माझं चुकलं बाबा, असं एकदा म्हणायला हवं होतं, ते राहिलं."

कारकूनबाईंचं पेन थांबलं.

"हे शेवटचं कुठल्या रकान्यात घालू?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठल्याही," ती म्हणाली. "पण लिहा. माझं चुकलं, बाबा."