एका पत्त्यावर दोघं

मन्मथअप्पांच्या गळ्यात दोन दोरे असतात. एकात लिंग, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. आमच्या उदगीरला लिंगायत माणसाच्या गळ्यात लिंग दिसलं तर कुणी वळून पाहत नाही. पेनड्राइव्हकडे मात्र सगळे पाहतात. कुणी विचारलंच तर अप्पा गंभीरपणे सांगतात, "एक माझ्यासाठी, एक मशीनसाठी." आंघोळीला जाताना ते दुसरा दोरा काढतात, पहिला काढत नाहीत. दोघांत एवढाच काय तो भेद.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. आमच्या कार्यालयातले नऊ संगणक अप्पांच्या हवाली आहेत. पूर्वी त्यांची टायपिंगची शाळा होती. टायपिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली आणि अप्पा चाळिशी उलटल्यावर संगणक शिकले. आता साठीला टेकले आहेत. संगणक बिघडला की ते त्याच्याकडे बघत नाहीत. आधी पिशवीतून वही काढतात.

ती पत्त्यांची वही. संगणकांना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येकाला आपला एक नंबर लागतो. जग त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतं, अप्पा सरळ पत्ता म्हणतात. तो नंबर आपोआप मिळायचीही सोय असते, असं आमच्या क्लार्क नसरीन मॅडमनी एकदा त्यांना सुचवून पाहिलं. अप्पांना ते अजिबात रुचलं नाही.

"आपोआप मिळतो तो पत्ता मंजे लॉजवरली खोली, मॅडम. आज हितं, उद्या तितं. मशीनला सोताचं घर पायजे."

म्हणून आमच्या प्रत्येक संगणकाच्या कपाळावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर अप्पांच्या सुवाच्य अक्षरात नंबर आहे. एकेचाळीसपासून एकोणपन्नासपर्यंत. एकाच नंबरावर दोन संगणक आले की दोन्ही अडतात. त्याला अप्पा 'कानफ्लिक' म्हणतात. त्यांच्या मते जगातली सगळी भांडणं ही कानफ्लिकच असतात. वेळापत्रकाच्या घोळात दोन प्राध्यापक एकाच वर्गावर गेले, कानफ्लिक. पंगतीत एकाच्या रुमालावर दुसरा बसला, कानफ्लिक. आणि उपायही सगळ्यावर एकच. "पत्ता एक, माणूस एक. दोघं आले की एकानं उठावं लागतं."

एकदा आम्ही एसटीनं लातूरला निघालो होतो. पुढच्या सीटवर दोन माणसं हातात एकाच नंबरची तिकिटं घेऊन भांडत होती. कंडक्टरला ते मिटवता येईना. तेव्हा अप्पा आपल्या, कुणीही हक्क न सांगितलेल्या जागेवरून उठले, त्यातल्या एकाला तिथं बसवलं आणि लातूरपर्यंत उभे आले. मी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यांची एकच सवय मला खरोखर छळायची. सुटे भाग ते ऑनलाइन मागवत, आणि तेही एकेक. आज एक स्क्रू, परवा एक केबल, पुढच्या आठवड्यात दुसरी केबल. प्रत्येकाचं पाकीट वेगळं. शिवाय ते स्वतः जाऊन कुठूनतरी घेऊन येणार. कॉलेजच्या पत्त्यावर एकदम मागवा, असं मी दहा वेळा बजावलं असेल. ते मान डोलावून 'हाव' म्हणत आणि पुन्हा एक स्क्रू मागवत.

तर बारावीचे परीक्षा अर्ज भरायचे दिवस होते. कामाच्या ताणानं रोज एखादा जुना संगणक बंद पडायचा आणि अप्पा तो उठवायला रोज यायचे. पंचेचाळीस नंबरच्या संगणकावर, म्हणजे नसरीन मॅडमच्या, रोज एकच तक्रार येऊ लागली. हा पत्ता दुसराच कुणी वापरतोय, असा निरोप पडद्यावर यायचा आणि काम ठप्प व्हायचं. प्राचार्य वैतागले. शेवटच्या तारखेला असं झालं तर दुसऱ्या दिवसापासून लातूरच्या कंपनीचा माणूस येईल, असं त्यांनी अप्पांना माझ्यादेखत ऐकवलं. गावातली त्यांची बाकीची कामं एकेक करून सुटली होती आणि सकाळी उठून जायला आमचं कार्यालय तेवढं उरलं होतं, हे मला माहीत होतं.

शेवटची तारीख उजाडली. अप्पा आले आणि त्रेचाळीस नंबरचा बंद पडलेला संगणक जिवंत करायला बसले. त्यांची रीत अशी, की पेनड्राइव्ह मशीनमध्ये घालायचा, पण दोरा गळ्यातून काढायचा नाही. त्यामुळे दाव्याला बांधलेल्या देवणी बैलासारखे ते मान खाली घालून काम करतात. पेनड्राइव्ह आजारी संगणकाला स्वतःच्या जोरावर उठवतो आणि मुख्य संगणकात जपलेली प्रत तारेवरून मागवून त्याला पूर्ववत करतो. पाच मिनिटं झाली असतील, नसरीन मॅडमचा संगणक अडला. बाहेर पोरापोरींची रांग होती.

अप्पांनी वही काढली. पंचेचाळीसवर कोण बसलंय याचा शोध सुरू झाला. त्यांनी सगळ्या चिकटपट्ट्या ताडून पाहिल्या. मग प्रिंटरवर संशय घेतला, मग फाटकावरच्या कॅमेऱ्यावर. शेवटी प्राचार्यांच्या मोबाइलकडेही संशयानं पाहिलं. नसरीन मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, बुरा मानू नका, पण अप्पा आले की माझं मशीन जातं. न्हाई आले की चालतं."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. मी अप्पांना पेनड्राइव्ह काढून त्रेचाळीस बंद करायला सांगितलं. पंचेचाळीस चालू झाला. पुन्हा घालून मशीन उठवायला सांगितलं. पंचेचाळीस गेला. दोनदा करून पाहिलं. अप्पा खुर्चीत मागे टेकले.

तो पेनड्राइव्ह त्यांनी काही वर्षांपूर्वी पंचेचाळीस नंबरच्याच मशीनवर तयार केला होता. तेव्हा त्यात तोच पत्ता जाऊन बसला. कुठल्याही संगणकाला उठवताना तो मीच पंचेचाळीस म्हणून सांगत सुटायचा आणि खऱ्या पंचेचाळीसची पंचाईत व्हायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा गळ्यातच होता.

"सगळ्याहींचे पत्ते लिवले," अप्पा म्हणाले, "ह्याचाच लिवायचा राहिला."

नसरीन मॅडम आपल्या मशीनला दुसरा नंबर घ्यायला तयार होत्या. अप्पांनी मान हलवली. "तुमचं घर हाय ते. ह्यो पावना हाय. ह्यानं उठावं." त्यांनी पेनड्राइव्हला साठ नंबर दिला, वहीत लिहिला, आणि संध्याकाळच्या आत सगळे अर्ज गेले. मग ते आपण होऊन प्राचार्यांकडे गेले आणि चूक माझीच होती म्हणाले. आमच्या कॉलेजात असं वाक्य प्राचार्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी अप्पांचं काम आणखी वर्षभर वाढवून टाकलं.

त्या मुदतवाढीच्या कागदपत्रांसाठी मी अप्पांचं आधार कार्ड मागितलं. त्यावर किल्ल्याकडच्या गल्लीतल्या घराचा पत्ता होता. अप्पा तर सात वर्षांपासून बसस्टँडमागच्या एका खोलीत राहतात. मला हसू आलं. जन्मभर दुसऱ्याचे पत्ते दुरुस्त करणाऱ्याचा स्वतःचाच चुकलेला. बदलून घ्या म्हटलं, जरा वेळाचं काम आहे.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ते घर त्यांच्या वडलांचं. अप्पांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ आणि त्याचा संसार तिथंच. भावाची मुलं मोठी झाली, खोल्या दोनच, आणि एका सकाळी शब्दाला शब्द लागला. एकानं उठावं लागतं म्हणून अप्पा उठले. भावानं थांबवलं नाही. बोलणं तेव्हापासून बंद.

"पत्ता बदलला तर फोन कशाला करंल त्यो?" अप्पा म्हणाले. "आता पार्सल तितं आलं की करावाच लागतो. अण्णा, तुमचं टपाल आलंय, न्या, मनतो. तेवढंच मनतो. मी जातो. दारात बसतो. च्या येतो आतून."

चार स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत का येतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी दहा वेळा बजावलं होतं त्याची लाज वाटली.

मुदतवाढीच्या अर्जावर मी आधारवरचाच पत्ता लिहिला. आठवड्यानं मुदतवाढीचा आदेश निघाला. मी तो पाकिटात घालून नसरीन मॅडमकडे टपालात टाकायला दिला. त्यांनी पत्ता वाचला आणि समोर सत्तेचाळीस नंबरवर वाकलेल्या अप्पांकडे बोट केलं. "सर, अप्पा तर हितंच बसलेत."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पत्त्यावर जाऊ द्या."

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला अप्पांचा फोन वाजला. मशीन अर्धवट उघडं होतं. त्यांनी फोन कानाला लावला, हाव एवढंच म्हणाले. मग गळ्यातला दोरा काढून पेनड्राइव्ह मशीनलाच तसा ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उठले.